अर्थिंग

उणे चोवीस. शेडमध्ये ट्रकचं बॉनेट उघडं
आणि त्याच्या छातीत डोकं घालून मी.
हातमोजे काढले की बोटं दोन मिनिटं माझी असतात,
नंतर पान्याची.

बाहेर दुपारचे तीन, म्हणजे रात्रच.
सूर्य गेला तो नोव्हेंबरअखेर,
अर्धा जानेवारी सरेपर्यंत त्याचं नाव काढायचं नाही.
सेवेत्तियार्वीच्या रस्त्यावर टपाल, औषधं,
एर्कीच्या लेकाने मागवलेली गिटार,
सगळं काळोखातूनच न्यायचं
डोळ्यांत तेल घालून.

तेल कमी पडलं गेल्या महिन्यात.
हेडलाइटचा उजेड जिथे संपतो
आणि अंदाज सुरू होतो, तिथून ती आली.
मी ब्रेक दाबला. बर्फाने ऐकलं नाही.
मग टॉर्च लावून रेनडिअरचा कान बघितला:
वर दोन खाचा, खाली कोरलेली चंद्रकोर.
ही लिपी मला वाचता येते.
पिएराची. कुंपणापलीकडच्या पिएराची.

पोलिसांना फोन केला. फॉर्म भरला.
त्याच्या दारात गेले नाही.
तीन आठवडे मला त्याचा धूर दिसतो,
त्याला माझा.

म्हणून हे दोन दिवे. गोल, ताटलीएवढे,
वायरिंगचा जुना संच, आकृतीवरची अक्षरं पोलिश.
रिलेला चार पाय, प्रत्येकाला आकडा.
तिसावर बॅटरी, सत्त्याऐंशीवर दिवे.
पंच्याऐंशी साली आई गेली,
शहाऐंशीत मी टपालखात्यात लागले,
ते दोन बारक्या वायरींचे. असंच लक्षात राहतं.

मोठा करंट बटणाच्या वाटेला जाऊ द्यायचा नाही,
जळेल बिचारं.
बटणाने नुसतं सांगायचं, भार रिलेने उचलायचा.
मी आणि पिएरा सध्या असेच बोलतो,
रोवानिएमीच्या कचेरीतल्या एका बाईमार्फत.

वायर केबिनमध्ये शिरेना.
विणायच्या सुईला बांधली, रबराच्या भोकातून ढकलली,
आत पेडलपाशी उताणी पडून ओढली.
डॅशबोर्डवर एक आंधळं झाकण होतं,
एकोणीस वर्षं कशाची तरी वाट बघणारं.
ते उपसून तिथे बटण बसवलं.

दाबलं.
टिक्.
आणि काही नाही.

फ्यूज शाबूत. रिले बोलतो, दिवे मुके.
सगळं जागच्या जागी आणि अर्थ लागत नाही.
तेव्हा कळलं, खरंच लागत नव्हता:
काळी वायर मी रंगावरच आवळली होती.
खरवडला रंग. पांढऱ्याखाली टपालाचा नारिंगी,
त्याखाली विटकरी प्रायमर,
त्याखाली पत्रा, ताज्या जखमेसारखा चकाकता.
बोल्ट पुन्हा कसला.

टिक्.

शेडचं दार उघडंच होतं.
उजेड अंगण ओलांडून, कुंपण ओलांडून
थेट पलीकडे.
लाकडांची रास, उलटी स्लेज,
आणि मधोमध बादली घेऊन पिएरा,
डोळ्यांवर हात, तोंडात शिवी.
तीन आठवड्यांत पहिल्यांदा पूर्ण दिसला.
दाढी वाढलीय. डावा पाय अजून ओढतो.

मी घाईने बंद केले.
काळोख आधीपेक्षा जाड झाला,
त्यात बुटांखाली बर्फ करकरत जवळ आलं.

"डावा खाली घे," तो म्हणाला.
"समोरच्याचे डोळे फोडशील."
पाना मागितला नाही, उचलला.
पुन्हा लाव म्हणाला, मी लावले.
तो दिव्यांच्या मागे वाकला,
दातांत हातमोजा धरून.

मी विचारलं, "गाभण होती का?"

त्याने मान हलवली.
हो की नाही, ते कळलं नाही.
इतका उजेड, सगळा पुढेच पडतो.

डावा दिवा अर्धं बोट खाली आला.